मेमरिस्टर क्रॉसबारवर बेरीज: पहिल्या नॉर गेटपासून आठ बिटांपर्यंत

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचा एखादा पेपर दिलेला असेल, ओहमचा नियम आणि व्होल्टेज डिव्हायडर येत असेल, तर पुढचे सगळे समजेल. एक वही, कॅल्क्युलेटर आणि नंतर एनजीस्पाइस हा सर्किट सिम्युलेटर किंवा पायथन चालणारा साधा लॅपटॉप, एवढ्यावर भागते. उपकरण विकत घेण्याची घाई करू नका. या विषयातल्या निम्म्या अडचणी कागदावरच दिसतात, आणि त्या तिथे दिसलेल्या बऱ्या.

आधी एक गल्लत दूर करू. क्रॉसबार म्हणजे आडव्या-उभ्या तारांची जाळी, जिच्या प्रत्येक चौकात एक मेमरिस्टर, म्हणजे व्होल्टेजने रोध बदलणारे आणि तो लक्षात ठेवणारे उपकरण असते. क्रॉसबार म्हटले की हल्ली बहुतेकांना न्यूरल नेटवर्क आठवते. स्तंभांवर व्होल्टेज द्यायचे, प्रत्येक चौकातल्या वाहकतेने (रोधाच्या व्यस्ताने) त्याचा गुणाकार होतो, ओळीवर करंटची बेरीज मिळते. ते अॅनालॉग गणित आहे, तिथे उत्तर करंट म्हणून बाहेर येते आणि एडीसीने, म्हणजे अॅनालॉगचे डिजिटल करणाऱ्या सर्किटने, मोजावे लागते. आपण करणार आहोत ते वेगळे. इथे इनपुट म्हणजे मेमरिस्टरचा रोध आणि आउटपुट म्हणजेही दुसऱ्या मेमरिस्टरचा रोध. मधल्या पायऱ्यांत काहीही वाचून बाहेर आणावे लागत नाही. माहिती जिथे साठली आहे तिथेच तिच्यावर लॉजिक चालते.

पायरी १: उपकरण चार आकड्यांत

बर्कलेच्या लिऑन चुआ यांनी १९७१ साली रोधक, धारित्र आणि प्रेरक यांच्या जोडीला चौथा मूलभूत घटक असायला हवा, असे गणिताने मांडले. २००८ साली एचपी लॅब्जच्या गटाने प्लॅटिनमच्या दोन तारांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर ठेवून केलेले उपकरण ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले आणि हाच तो मेमरिस्टर, असे सांगितले. ते उपकरण खरोखर चुआंच्या व्याख्येत बसते का, यावर नंतर बरीच भांडणे झाली. लॉजिक करणाऱ्याने त्यात पडायची गरज नाही. आपल्याला लागते ते एवढेच: दोन टोकांचे उपकरण, ज्याचा रोध एका दिशेने पुरेसे व्होल्टेज दिल्यावर कमी होतो, उलट दिशेने दिल्यावर वाढतो, आणि वीज गेली तरी तसाच राहतो.

या लेखात सगळीकडे एकच काल्पनिक उपकरण वापरू. त्याचे आकडे वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कमी रोध १ किलोओहम. याला आपण १ म्हणू.
जास्त रोध ३०० किलोओहम. हा ०.
सेट, म्हणजे ० चा १ करण्यासाठी लागणारे किमान व्होल्टेज १.५ व्होल्ट.
रीसेट, म्हणजे १ चा ० करण्यासाठी उलट दिशेने किमान ०.३ व्होल्ट.

सेट आणि रीसेटचे उंबरठे इतके वेगवेगळे का घेतले, ते पायरी ३ मध्ये कळेल. उंबरठ्याच्या खालचे व्होल्टेज उपकरणाला हलवत नाही असे आपण धरतो, म्हणून ०.१ व्होल्टवर रोध वाचला तरी साठलेला बिट बिघडत नाही.

पायरी २: जाळी आणि दिशा

आडव्या तारा म्हणजे ओळी, उभ्या तारा म्हणजे स्तंभ, आणि जिथे त्या एकमेकींवरून जातात त्या प्रत्येक चौकात एक मेमरिस्टर. सगळे मेमरिस्टर एकाच दिशेने बसवलेले असतात. कारखान्यात थर एकावर एक पसरतात, त्यामुळे एखादाच उलटा बसवता येत नाही. आपला नियम असा: करंट स्तंभाकडून ओळीकडे गेला तर सेटची दिशा, ओळीकडून स्तंभाकडे गेला तर रीसेटची दिशा.

हे वाक्य दोनदा वाचा. नवख्यांची सगळ्यात जास्त गणिते दिशेतच चुकतात, आणि सिम्युलेटर दिशा चुकली म्हणून तक्रार करत नाही. मुकाट्याने चुकीचे उत्तर देतो.

१ लिहायचा असेल तर ओळ शून्यावर धरून स्तंभावर २ व्होल्ट. ० लिहायचा असेल तर स्तंभ शून्यावर आणि ओळीवर अर्धा व्होल्ट.

पायरी ३: नॉर गेट

एकाच ओळीतले तीन चौक घ्या. पहिल्या दोन चौकांत इनपुट अ आणि ब आहेत. तिसरा आउटपुट, आणि त्यात सुरुवातीला मुद्दाम १ लिहून ठेवायचा. आता अ आणि ब यांच्या स्तंभांवर १ व्होल्ट द्या, आउटपुटचा स्तंभ शून्यावर धरा आणि ओळ मोकळी सोडा, कशालाच जोडू नका.

करंट कसा जाईल? दोन्ही इनपुटांतून स्तंभाकडून ओळीत येईल आणि आउटपुटमधून ओळीकडून स्तंभात उतरेल. म्हणजे इनपुटांना सेटच्या दिशेने ताण आणि आउटपुटला रीसेटच्या दिशेने. समांतर जोडलेले दोन इनपुट आणि त्यांच्यापुढे आउटपुट, असा हा साधा व्होल्टेज डिव्हायडर झाला.

दोन्ही इनपुट ० असतील तर समांतर रोध १५० किलोओहम. आउटपुटवर फक्त १/१५१ व्होल्ट, म्हणजे साडेसहा मिलिव्होल्ट पडतात. तो हलत नाही, १ राहतो.

एकच इनपुट १ असेल तर वर साधारण १ किलोओहम, खाली १ किलोओहम. आउटपुटवर अर्धा व्होल्ट. ०.३ ओलांडले, आउटपुट ० होतो.

दोन्ही १ असतील तर वर ५०० ओहम, आउटपुटवर ०.६७ व्होल्ट. पुन्हा ०.

दोन्ही शून्य असतानाच उत्तर १, हेच नॉर. आणि आउटपुटचा रोध एकदा वाढू लागला की डिव्हायडरमधला त्याचा वाटा आणखी वाढतो, त्यामुळे तो अर्धवट अडकत नाही, शेवटपर्यंत जातो. एकच इनपुट घेतला तर नॉरचा नॉट होतो. नॉर हाती आला की बाकी कोणतेही गेट त्यातून करता येते. इस्राएलमधल्या टेक्निऑन संस्थेतल्या शहर क्वातिन्स्की यांच्या गटाने २०१४ साली ही पद्धत ‘मॅजिक’ या नावाने मांडली, आणि आज क्रॉसबारवरच्या लॉजिकचे बहुतेक काम याच पद्धतीवर किंवा तिच्या भावंडांवर चालते.

आता उंबरठ्यांची गोष्ट. पहिल्या प्रकरणात, दोन्ही इनपुट ० असताना, जवळपास पूर्ण १ व्होल्ट इनपुटांवरच पडतो, तोही सेटच्या दिशेने. सेटचा उंबरठा ०.९ असता तर गणित करता करता इनपुटच ० चे १ झाले असते. म्हणून दोन अटी एकदम पाळाव्या लागतात: दिलेले व्होल्टेज रीसेटच्या दुपटीपेक्षा जास्त हवे आणि सेटपेक्षा कमी हवे. आपल्या उपकरणात ०.६ ते १.५ ही मोकळी जागा आहे. ज्या उपकरणात सेट आणि रीसेट सारख्याच व्होल्टेजला होतात त्यात या पद्धतीला जागाच उरत नाही. कोणताही शोधनिबंध वाचताना मी आधी हे दोन आकडे शोधतो. त्यातला एक जरी दिलेला नसेल तर पुढची वेग आणि ऊर्जेची कोष्टके फार मनावर घेऊ नयेत.

या जागेच्या खाली एक मजेशीर पट्टा आहे. दिलेले व्होल्टेज ०.५ केले तर एक इनपुट १ असताना आउटपुटवर ०.२५ पडतात, हलत नाही. दोन्ही १ असताना ०.३३ पडतात, हलतो. म्हणजे तीच जुळणी, तेच तीन चौक, पण आता नँड! फुकट मिळालेले गेट वाटते, पण ०.३३ हे ०.३ च्या अगदी टेकून आहे. उंबरठ्याच्या वर किती गेलो त्याच्या चौथ्या घातावर बदलाचा वेग धरणारे मॉडेल घेतले, तर इथला सुरुवातीचा वेग नॉरमधल्या अर्ध्या व्होल्टच्या मानाने सुमारे १३०० पट मंद निघतो. शिवाय खऱ्या उपकरणांत उंबरठा चौकागणिक थोडाथोडा बदलतो. सिम्युलेशनमध्ये जरूर करून पाहा, त्यावर काही उभारू मात्र नका.

इनपुट दोनच हवेत असेही नाही. सगळे शून्य असताना त्यांचा समांतर रोध किती खाली येतो, एवढेच बघायचे. १०० इनपुट असतील तर ३०० किलोओहमचे ३ किलोओहम होतात आणि आउटपुटवर ०.२५ व्होल्ट पडतात. साधारण १२८ ला ०.३ ची रेघ गाठली जाते. दोन रोधांचे गुणोत्तर मोठे असावे असे जे सगळे म्हणतात त्याचे एक कारण हे.

पायरी ४: सिम्युलेटरमध्ये उतरवणे

तयार मॉडेल शोधत बसण्याआधी स्वतःचे लिहा. पायथनमध्ये ते पानभरही होत नाही. प्रत्येक मेमरिस्टरला ० ते १ मधला एक स्थितीचा आकडा द्या. १ म्हणजे पूर्ण कमी रोध, ० म्हणजे पूर्ण जास्त रोध, मधले सरळ रेषेत. दर पावलाला आधी ओळीचे व्होल्टेज काढा: प्रत्येक स्तंभाचे व्होल्टेज गुणिले त्या चौकाची वाहकता, यांची बेरीज, भागिले सगळ्या वाहकतांची बेरीज. मग प्रत्येक चौकावरचे व्होल्टेज काढून ते उंबरठ्याच्या आत असेल तर स्थिती तशीच ठेवा, बाहेर असेल तर त्या दिशेने थोडी सरकवा. पाऊल बारीक ठेवा. आउटपुट एका झटक्यात उडी मारून गेला तर उत्तर बरोबर दिसेल, पण वेळेचे आकडे खोटे असतील.

हे चालले की मग व्हीटीम नावाचे मॉडेल घ्या. २०१५ सालचे आहे, व्होल्टेजच्या उंबरठ्यावर बेतलेले आहे आणि आपले चारही आकडे त्यात थेट बसतात. एचपीच्या सुरुवातीच्या सरळ रेषेच्या मॉडेलवर लॉजिक करू नका. त्याला उंबरठाच नाही, त्यामुळे प्रत्येक वाचनात बिट थोडाथोडा सरकत राहतो.

पहिला सराव: इनपुटांच्या चारही जोड्या चालवा. आउटपुट तर बघाच, पण चालवून झाल्यावर इनपुट अजून होते तसेच आहेत का तेही प्रत्येक वेळी तपासा. दुसरा सराव: व्होल्टेज ०.४ पासून १.७ पर्यंत ०.१ ने वाढवत न्या आणि कुठे काय मोडते ते लिहा. ०.४ ला काहीच होत नाही, ०.५ ला नँड, १.५ च्या वर गेले की शून्य असलेले इनपुट पालटू लागतात. ही नोंद तुमच्या हातची असली की पुढे कोणत्याही नव्या उपकरणाचे आकडे बघून ते चालेल की नाही हे मिनिटभरात सांगता येते.

जाता जाता: इम्प्लाय

जुने निबंध वाचायला घेतलेत तर नॉरऐवजी ‘इम्प्लाय’, म्हणजे ‘प असेल तर फ’ हे गेट भेटेल. २०१० साली एचपीच्याच गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलेले हे पहिले ठळक उदाहरण. दोन मेमरिस्टर प आणि फ एका ओळीवर, आणि ओळ एका साध्या रोधकातून जमिनीला जोडलेली. प वर थोडे कमी व्होल्टेज, फ वर थोडे जास्त, दोन्ही एकाच वेळी. प शून्य असेल तर फ सेट होतो. प एक असेल तर ओळीचे व्होल्टेज वर चढते, फ वरचा ताण कमी होतो आणि तो होता तसा राहतो. उत्तर फ मध्येच लिहिले जाते, जुना फ जातो.

नँड तीन पावलांत होतो. तिसऱ्या चौकात ० लिहा, पहिल्या इनपुटाकडून त्याच्यावर इम्प्लाय करा, मग दुसऱ्याकडून. आपल्या उपकरणावर करायचे तर रोधक १७ किलोओहमच्या आसपास घ्या, प वर १.४ आणि फ वर १.८ व्होल्ट. त्याऐवजी १.२ आणि २ घेतलेत तर चारपैकी तीन जोड्या बरोबर येतात, पण दोघेही १ असताना ओळ १.५५ व्होल्टवर चढते आणि प वर उलट दिशेने ०.३५ पडतात. उत्तर बरोबर, इनपुट मात्र पुसला गेला. असा दोष दहा पावलांनंतर कुठेतरी भलतीकडेच दिसतो आणि तो शोधताना जीव जातो.

दर ओळीला एक रोधक लागतो, इनपुट नष्ट होतो आणि पावले जास्त लागतात. इतिहास म्हणून इम्प्लाय शिका, काम नॉरवर करा.

पायरी ५: एका बिटाची बेरीज

फुल अॅडर, म्हणजे दोन बिट आणि हातचा यांची बेरीज करणारे सर्किट, फक्त दोन इनपुटांच्या नॉरमध्ये नऊ गेटांत बसतो. अ आणि ब या दोन संख्यांचे बिट, क हा मागून आलेला हातचा. न१ ते न७ हे मधले चौक.

न१ = नॉर(अ, ब)
न२ = नॉर(अ, न१)
न३ = नॉर(ब, न१)
न४ = नॉर(न२, न३)
न५ = नॉर(न४, क)
न६ = नॉर(न४, न५)
न७ = नॉर(क, न५)
बेरीज = नॉर(न६, न७)
नवा हातचा = नॉर(न१, न५)

एकदा हाताने चालवून बघा. अ = १, ब = ०, क = १ घेऊ. न१ = ०, न२ = ०, न३ = १, न४ = ०, न५ = ०, न६ = १, न७ = ०. बेरीज ० आणि हातचा १. एक अधिक एक दोन, बरोबर.

न१ आणि न५ हे बेरजेसाठी काढलेलेच होते, त्यामुळे हातचा एका जादा गेटात मिळाला. नॉरमध्ये विचार करण्याची सवय लागली की अशा वाटा दिसू लागतात. आधी अँड-ऑरमध्ये सर्किट काढून मग प्रत्येक गेट नॉरमध्ये बदलत गेलात तर पावले कितीतरी वाढतात.

हे नऊही आउटपुट आधी १ करून ठेवावे लागतात. ते सगळे एकाच पावलात करता येते, नऊ स्तंभांवर एकदम २ व्होल्ट देऊन. म्हणजे एक तयारीचे आणि नऊ कामाची, एकूण दहा पावले.

पायरी ६: आठ बिट, आणि मग सगळ्या ओळी

आता मांडणी. एका ओळीत अ चे ८ चौक, ब चे ८, उत्तराचे ८, मधल्या कामाचे ७ आणि हातच्याचे २. एकूण ३३ स्तंभ. हातच्याला दोन चौक, कारण जुना हातचा अजून इनपुट म्हणून लागत असतानाच नवा लिहायचा असतो. दर बिटाला त्यांची अदलाबदल होते. मधले सात चौक प्रत्येक बिटासाठी पुन्हा वापरायचे, फक्त आधी पुन्हा १ करून घ्यायचे. आठ बिटांचे दहा-दहा, म्हणजे ८० पावले, आणि सुरुवातीचा हातचा ० करण्याचे एक. एकूण ८१.

दोन छोट्या संख्यांसाठी ८१ पावले म्हणजे लाज आणणारा वेग आहे. एखादा साधा मायक्रोकंट्रोलर ती बेरीज एका आवर्तनात करतो. पण पायरी ३ मध्ये आपण व्होल्टेज दिले होते ते स्तंभांवर, आणि स्तंभ प्रत्येक ओळीतून जातो. तुम्ही पहिल्या ओळीसाठी नॉर केला तेव्हा खालच्या प्रत्येक मोकळ्या ओळीतही तोच नॉर झाला, त्या त्या ओळीतल्या आपापल्या बिटांवर. कवायतीत एक हुकूम सुटतो आणि अख्खी पलटण पाऊल टाकते, तसे. ५१२ ओळी असतील तर त्याच ८१ पावलांत ५१२ बेरजा. या सगळ्या खटाटोपाचे समर्थन एवढेच आहे. एका ओळीसाठी हे करणे निव्वळ वेडेपणा.

त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ओळ ३ मधला बिट ओळ ७ मध्ये हवा असेल तर तो हलवण्याची पावले वेगळी मोजावी लागतात. आपल्या कामातली माहिती ओळींत कशी रचायची, हा प्रश्न गेटे मोजण्याआधी सोडवायचा.

पायरी ७: जे चौक वापरत नाही त्यांची काळजी

ज्या ओळींवर काम नको आहे त्या मोकळ्या सोडून चालत नाही, नाहीतर तिथेही नॉर होईल. त्यांना ०.२ व्होल्टसारख्या पक्क्या व्होल्टेजवर धरा. तिथल्या इनपुट चौकांवर ०.८ पडतात, सेटच्या आत. आउटपुट चौकावर ०.२, रीसेटच्या आत.

न वापरलेले स्तंभ मात्र उलट. त्यांना पक्के व्होल्टेज दिलेत तर ते ओळीला ओढतात आणि नको असलेले इनपुट बनतात. म्हणून ते मोकळे. पण मोकळा स्तंभ ओळींना एकमेकींशी जोडतो. दोन ओळींत त्या स्तंभावर १ असेल तर एका ओळीचा करंट कमी रोधाच्या त्या दोन चौकांतून दुसरीत शिरतो, आणि ज्या ओळीत आउटपुट हलायला नको होता तिथे तो हलू शकतो. या चोरवाटा लहान जाळीत दिसत नाहीत. म्हणून सिम्युलेशन तीन-चार स्तंभांवर थांबवू नका. इतर स्तंभांत साठलेली माहिती, आणि तीही सगळी १ असलेली, ठेवून चालवा.

यावरचा सरळ उपाय म्हणजे प्रत्येक चौकात मेमरिस्टरबरोबर एक ट्रान्झिस्टर. त्यांच्या गेटच्या तारा स्तंभागणिक नेल्या तर न वापरलेला स्तंभ पूर्ण तोडता येतो. चौकाचा आकार वाढतो, क्रॉसबारचा सुटसुटीतपणा जातो, पण उत्तर बरोबर येते. सिलेक्टर नावाचा दोन टोकांचा स्विच वापरण्याचाही मार्ग आहे. तो डिव्हायडरमध्ये स्वतःचा वाटा मागतो, त्यामुळे पायरी ३ चे सगळे आकडे पुन्हा मांडावे लागतात.

खरे उपकरण हातात आल्यावर

मेमरिस्टरची उपकरणे आपल्याकडेही बनतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात यावर बरेच संशोधन झाले आहे. अशा प्रयोगशाळेत जायची संधी मिळाली, किंवा आयसीसारख्या वेष्टनातले सुटे मेमरिस्टर मिळाले, तर तीन गोष्टी. पहिली, मालिकेत रोधक किंवा व्होल्टेज देणाऱ्या यंत्रातच करंटची मर्यादा लावल्याशिवाय सेट करू नका. रोध कोसळला की करंट उसळतो आणि चौक कायमचा कमी रोधावर अडकतो. दुसरी, हाफ्नियम ऑक्साइडसारख्या बऱ्याच उपकरणांना पहिल्यांदा वापरताना नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेजने ‘फॉर्मिंग’ करावे लागते. ते झाल्याशिवाय उपकरण मेलेले वाटते. तिसरी, एकाच चौकाचे सेट-रीसेट अनेकदा करून दर वेळचा उंबरठा नोंदवा. छापील आकडा एक असतो, प्रत्यक्षात पसारा असतो, आणि तुमची ०.६ ते १.५ ची जागा त्या पसाऱ्याने दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते.

करंट आणि झीज

आता ५१२ ओळींचा हिशेब जरा निरखून बघू. एका ओळीत एक इनपुट १ असेल तर सुरुवातीला १ व्होल्ट भागिले २ किलोओहम, अर्धा मिलिॲम्पिअर. ५१२ ओळींचा करंट एकाच आउटपुट स्तंभातून उतरतो: २५६ मिलिॲम्पिअर. काही दहा नॅनोमीटर रुंदीची तार एवढा करंट वाहूच शकत नाही. शिवाय तारेलाही रोध असतो. दर चौकाला २ ओहम धरले तरी ५१२ चौकांचे हजार ओहम होतात, म्हणजे आपल्या ‘१’ एवढेच, आणि टोकाच्या ओळींना ठरलेले व्होल्टेज मिळतच नाही. शिकायला १ किलोओहम सोयीचा, बनवायला नाही. दोन्ही रोध शंभर पट करा, म्हणजे १०० किलोओहम आणि ३० मेगाओहम. डिव्हायडरचे एकही गणित बदलत नाही, करंट मात्र अडीच मिलिॲम्पिअरवर येतो. नाहीतर जाळी लहान तुकड्यांत तोडायची.

झिजेचा हिशेब अधिक कडवा आहे. एक पाऊल १० नॅनोसेकंदांचे धरले तर ८१ पावलांची बेरीज ०.८१ मायक्रोसेकंदात होते. त्यात मधला प्रत्येक चौक जास्तीत जास्त आठदा ० होऊन पुन्हा १ होतो. सलग बेरजा करत राहिलात तर सेकंदाला साधारण एक कोटी फेऱ्या. उपकरण १०० कोटी फेऱ्या टिकणारे असेल, आणि ते चांगलेच टिकाऊ म्हणायचे, तर ते शंभर सेकंदांत संपले. २०११ साली टँटलम ऑक्साइडच्या उपकरणांनी एक लाख कोटी फेऱ्या ओलांडल्याची नोंद आहे. तेवढे टिकाऊ धरले तरी जेमतेम अठ्ठावीस तास. मधल्या कामाचे चौक दर वेळी बदलून झीज वाटून घेता येते, त्याने दहा-वीस पट मिळतील. प्रोसेसरची जागा मेमरिस्टर घेणार, असे कोणी सांगू लागले की त्याच्यासमोर हे भागाकार ठेवावेत.

मग वापरायचे कुठे? जिथे माहिती भरपूर आहे, जागची हलवणे महाग आहे आणि प्रत्येक चौकाला क्वचितच हात लागतो तिथे. शोध हे त्यातले सोपे उदाहरण, आणि तुमच्या सिम्युलेटरवर पुढचे काम म्हणून तेच करा. प्रत्येक ओळीत आठ बिटांचा एक शब्द ठेवा, आणि प्रत्येक बिटाशेजारी त्याचा उलट बिटही ठेवा. म्हणजे १६ स्तंभ, आणि सतरावा उत्तराचा. शोधायचा शब्द बाहेरच्या नियंत्रकाला माहीत आहे. त्यातला बिट १ असेल तर साठवलेल्या उलट बिटाचा स्तंभ इनपुट म्हणून निवडायचा, ० असेल तर सरळ बिटाचा. असे आठ स्तंभ निवडून त्यांचा एकच नॉर करायचा. एखादा जरी बिट जुळला नाही तरी त्या ओळीचे उत्तर ० होते. सगळे जुळले तर आठही इनपुट ०, आउटपुटवर फक्त २६ मिलिव्होल्ट, उत्तर १. तयारीचे एक पाऊल आणि नॉरचे एक. ५१२ शब्द दोन पावलांत तपासून होतात, साठवलेल्या बिटांना धक्का लागत नाही, आणि झिजतो तो फक्त सतरावा स्तंभ.